मखरातली एलईडी पट्टी सावकाश मंद का होत नाही?

चाळकरी | मंगळवार, रात्री ११:४०
मंडळी, जरा मदत करा. आमच्या गिरगावच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. यंदा पुठ्ठ्याचं मखर केलंय आणि कमानीला आतल्या बाजूने एलईडी पट्टी चिकटवली आहे. १२ व्होल्ट, वॉर्म व्हाइट, मीटरला ६० एलईडीवाली साधी ३५२८ (हा एलईडीचा आकार), पूर्ण ५ मीटर. रात्री मंत्रपुष्पांजली झाली की बटण दाबायचं आणि पुढच्या दहा मिनिटांत प्रकाश इतका सावकाश उतरायला हवा की बसलेल्यांच्या लक्षातही येऊ नये. शेवटी फक्त समई उरली पाहिजे.

आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाचा क्लोन घेतला. पट्टीला आयआरएफझेड४४एन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), त्याच्या गेटला, म्हणजे चालू-बंदचा इशारा घेणाऱ्या पायाला, २२० ओहमचा रेझिस्टर, उनोची पिन ३. कोड अगदी बाळबोध आहे: अ‍ॅनालॉगराइट (० ते २५५ मधला आकडा लिहून प्रकाश ठरवणारं फंक्शन) २५५ पासून सुरू, दर २३५० मिलिसेकंदांनी एक आकडा कमी, शून्यापर्यंत. दहा मिनिटं भरतात.

पण (१) पहिली पाच-सहा मिनिटं काही बदलतंय असं वाटतच नाही. (२) शेवटच्या अर्ध्या मिनिटात मात्र धडाधड पायऱ्या उतरल्यासारखा प्रकाश पडतो आणि खटकन विझतो. (३) मॉस्फेट हाताला गरम लागतो. (४) बहिणीने मोबाइलवर व्हिडिओ काढला तर मखरावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आजी म्हणाली, "देवाच्या दिव्याला असं गचके देऊन मारू नये." तिच्यासाठी तरी सोडवा.

भोचक | बुधवार, सकाळी ८:०५
लोहार चाळीत रिमोटसकट तयार डिमर मिळतो. बटण दाबा, मोदक खा. एवढा खटाटोप कशाला?

चाळकरी | बुधवार, सकाळी ८:३१
आणून पाहिला. त्याचा शेवटचा टप्पासुद्धा बराच उजेडाचा आहे आणि त्याखाली थेट बंद. दहा मिनिटांची उतरण त्यात नाहीच.

पाचवा_बँड | बुधवार, सकाळी १०:१२
पहिल्या दोन्ही प्रश्नांचं कारण एकच आहे आणि ते उनोत नाही, डोळ्यात आहे.

अ‍ॅनालॉगराइटने व्होल्टेज कमी होत नाही. पिन ३ वर सेकंदाला साधारण ४९० वेळा पट्टी चालू-बंद होते (यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात), म्हणजे एक फेरा सुमारे २.०४ मिलिसेकंदांचा. १२८ लिहिलंस तर त्यातला निम्मा वेळ पूर्ण १२ व्होल्ट, निम्मा वेळ काहीच नाही. मीटर पिनवर २.५ व्होल्ट दाखवेल, पण ती नुसती सरासरी. इथपर्यंत सगळं सरळ आहे: निम्मा आकडा म्हणजे निम्मा प्रकाश.

घोळ पुढे होतो. निम्मा प्रकाश डोळ्याला निम्मा वाटत नाही. सीआयई नावाची प्रकाश आणि रंग यांच्या मापनाची आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिचं 'लाइटनेस'चं सूत्र वापरून तुझ्या आकड्यांचं काय होतं बघ. पूर्ण प्रकाश म्हणजे १०० धरू. १२८ वर तुला ७६ वाटतो. खरोखर निम्मा वाटायला हवा तर ४७ लिहावं लागतं. पाव वाटायला ११. आणि दहावा हिस्सा वाटायला फक्त ३.

आता तुझी दहा मिनिटं घे. २५५ पासून ११ पर्यंत यायला साडेनऊ मिनिटं जातात. उरलेला पाव भाग, तोही सर्वांत नाजूक, पंचवीस-तीस सेकंदांत संपतो. त्यातसुद्धा ३ वरून २, २ वरून १, १ वरून ०. दोनवरून एकवर येणं म्हणजे प्रकाश एका फटक्यात निम्मा करणं. ते आजीला दिसणारच.

नवखा_अकरावी | बुधवार, दुपारी १:४८
मग त्या सूत्राने आकडे आधीच काढून ठेवले आणि त्या क्रमाने लिहिले तर?

पाचवा_बँड | बुधवार, दुपारी २:२०
बरोबर, पण अर्धंच काम होतं. वरची बाजू सुधारते. खाली आकडेच नाहीत ना! दहा मिनिटं या सूत्राने वाटली तर १ हा आकडा एकटा वीसेक सेकंद टिकतो, मग शून्य. २ तसाच वीस सेकंद. म्हणजे अर्धं मिनिट धडधड होण्याऐवजी आता दर वीस सेकंदांनी एक ठसठशीत गचका. ८ बिट, म्हणजे ० ते २५५ एवढेच आकडे, पुरत नाहीत, तळाशी बारीक पायऱ्या हव्यात. याचं उत्तर इथल्या टायमरवाल्यांनी द्यावं, मला मीटिंग आहे.

जुना_सोल्डर | बुधवार, दुपारी ४:०२
मी तिसऱ्या प्रश्नावर बोलतो. टीव्ही, अँप्लिफायर दुरुस्त करण्यात जन्म गेला, त्यामुळे गरम काय लागतंय ते आधी बघायची सवय.

आयआरएफझेड४४एन हा मॉस्फेट वाईट नाही, पण त्याच्या डेटाशीटमधला १७.५ मिलिओहमचा (पूर्ण उघडल्यावरच्या रोधाचा) आकडा गेटवर १० व्होल्ट असताना आहे. त्याचं थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतं, आणि थ्रेशोल्डला तो जेमतेम जागा होतो, पूर्ण उघडत नाही. तू देतोयस ५. एखादा तुकडा ५ वर झकास चालेल, दुसरा अर्धवट उघडेल आणि तापेल. तुझी पट्टी मीटरला ४.८ वॉट, म्हणजे ५ मीटरला २४ वॉट, २ अँपिअर. आयआरएलझेड४४एन घेतलास तर तो लॉजिक लेव्हलचा (५ व्होल्टलाच उघडणारा), ५ व्होल्टला २५ मिलिओहम. २ अँपिअरला त्यात जळते ०.१ वॉट. हीटसिंक लागत नाही, बोटाला कळणारसुद्धा नाही.

विकत आणलास की एक चाचणी कर. २५५ लिही, पट्टी पूर्ण पेटव, आणि मॉस्फेटच्या ड्रेन-सोर्सवर (पट्टीचा करंट ज्यातून वाहतो त्या दोन पायांवर) मीटर लाव. ५० मिलिव्होल्टच्या आसपास दिसायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर तो अर्धवट उघडतोय किंवा वर छापलंय ते आत नाही. छापा बदललेले तुकडे बाजारात येतात. लॅमिंग्टन रोडवर एकाऐवजी चार घे, महाग नाहीत, आणि बिल माग.

शिवाय गेटपासून ग्राउंडला १० के (१०,००० ओहम) रेझिस्टर लावलास का? उनो चालू होताना पिना काही क्षण इनपुट असतात, गेट अधांतरी राहतं, पट्टी मध्येच भपकन पेटते. आणि १२ व्होल्टच्या अडॅप्टरचं ऋण टोक नि उनोचं ग्राउंड जोडलेलं असलंच पाहिजे.

चाळकरी | बुधवार, संध्याकाळी ७:१५
काका, १० के नव्हता. म्हणूनच सकाळी प्लग लावताना चमकायची! ग्राउंड जोडलेलं आहे. ड्रेन-सोर्सवर आत्ता मोजलं, ०.४ च्या वर आहे. म्हणजे पाऊण-एक वॉट तिथेच जातोय. उद्या लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोडला उतरतो.

नवखा_अकरावी | बुधवार, संध्याकाळी ७:४०
मला वेगळीच शंका आहे. चालू-बंद करण्यापेक्षा कपॅसिटर लावून सपाट व्होल्टेज करून पट्टीला दिलं तर? पट्टे पण जातील.

पाचवा_बँड | बुधवार, रात्री ९:०५
या पट्टीत तीन-तीन एलईडी एका माळेत आणि सोबत एक रेझिस्टर असतो, म्हणूनच कात्रीची खूण दर तिसऱ्या एलईडीनंतर असते. तिघांचं मिळून साधारण आठेक व्होल्ट झाल्याशिवाय माळ पेटतच नाही. म्हणजे १२ पासून आठपर्यंत एवढ्याशा पट्ट्यात सगळं मंद होणं उरकायचं, आणि तळाशी एक माळ लुकलुकते तर शेजारची विझलेली, कारण प्रत्येक एलईडी थोडा वेगळा. पांढऱ्या एलईडीचा रंगही कमी करंटला किंचित सरकतो. पीडब्ल्यूएममध्ये पेटलेला प्रत्येक क्षण पूर्ण करंटचा, त्यामुळे रंग जागेवर राहतो नि सगळ्या माळा सारख्या उतरतात. पट्टीला पीडब्ल्यूएमच.

टायमर_शून्य | बुधवार, रात्री ११:२२
बिटांचं मी घेतो. कोड डकवला की इथे त्याची चाळण होते, म्हणून शब्दांत सांगतो.

उनोतल्या एटीमेगा३२८पी या मुख्य चिपमध्ये तीन टायमर आहेत, पिनांचं चालू-बंद तेच ठोके मोजून करतात. टायमर शून्य (पिन ५, ६) आणि टायमर दोन (पिन ३, ११) ८ बिटांचे. टायमर एक, म्हणजे पिन ९ आणि १०, हा १६ बिटांचा. आर्डुइनो त्यालाही आपला ८ बिटांवर बसवून ठेवतं. तर पट्टी पिन ९ वर ने, अ‍ॅनालॉगराइट विसर, आणि सेटअपमध्ये रजिस्टर (टायमरच्या सेटिंगचे कप्पे) स्वतः लिही: फास्ट पीडब्ल्यूएम, मोड १४, प्रीस्केलर (घड्याळाला भागणारा आकडा) १, आयसीआर१ मध्ये वरची मर्यादा, म्हणजे एका फेऱ्यात किती ठोके मोजायचे ते. पुढे जेवढा प्रकाश हवा तो आकडा ओसीआर१ए मध्ये टाकायचा, बस.

वरची मर्यादा आणि वारंवारता एकमेकांच्या मुळावर असतात. घड्याळ १६ मेगाहर्ट्झ. मर्यादा ६५५३५ ठेवलीस तर २४४ हर्ट्झ. १६३८३ ठेवलीस (१४ बिट) तर ९७६. ४०९५ ला ३९०६. मी १४ बिट घेईन. तुझ्या जुन्या एका पायरीच्या जागी ६४ पायऱ्या मिळतात.

दोन खाचखळगे. फास्ट मोडमध्ये शून्य लिहिलं तरी प्रत्येक फेऱ्यात एका ठोक्याची सुई (बारीक पल्स) येतेच, तेव्हा पूर्ण बंद करायचं असेल तर टायमरचा पिनशी संबंध तोडून डिजिटलराइटने शून्य कर. आणि टायमर शून्यला हात लावू नकोस, मिलिस (किती वेळ गेला ते सांगणारं फंक्शन) आणि डिले (थांबवून ठेवणारं) त्याच्यावर चालतात. तो बिघडला की सगळी वेळच बिघडते.

डिले मात्र काढून टाक. दहा मिनिटं डिलेत अडकलेल्या कोडला बटण दाबलेलं कळत नाही. मिलिस बघायचं, दर ५० मिलिसेकंदांनी 'किती वेळ गेला' यावरून वाटणारा प्रकाश काढायचा, सूत्राने खरा प्रकाश, आणि तो रजिस्टरमध्ये. ५० मिलिसेकंदांत एक घन काढणं या चिपला मुळीच जड नाही, टेबलसुद्धा नको.

चाळकरी | गुरुवार, सकाळी ७:५०
क्या बात है. सूत्र नक्की कसं लिहू तेवढं सांगा.

टायमर_शून्य | गुरुवार, सकाळी ८:१४
वाटणारा प्रकाश १०० ते ० सरळ रेषेत उतरव. तो ८ पेक्षा जास्त असेल तर त्यात १६ मिळव, ११६ ने भाग, घन कर. ८ किंवा कमी असेल तर नुसता ९०३.३ ने भाग. उत्तर ० ते १ मध्ये येतं, त्याला वरच्या मर्यादेने गुण.

मुलुंडकरीण | गुरुवार, सकाळी १०:३३
चौथ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही, म्हणून. मी लग्नाचे, सोहळ्यांचे व्हिडिओ करते, या पट्ट्यांशी रोजची लढाई.

मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. काही ओळी वाचताना पट्टी चालू होती, काही वाचताना बंद, म्हणून आडवे पट्टे. फलाटावरचा इंडिकेटर फोटोत अर्धाच उमटतो त्याचीही तीच गत, तिथे ओळी आळीपाळीने पेटवतात.

उपाय दोन बाजूंनी करता येतो. कॅमेऱ्याकडून: प्रो मोडमध्ये शटर १/५० ठेवा. ९७६ हर्ट्झवर तेवढ्या वेळात एकोणीस-वीस फेरे बसतात, सरासरी होते, पट्टे जवळजवळ दिसत नाहीत. पण ऑटोवर ठेवलंत आणि मखर झगझगीत असेल तर मोबाइल १/१००० वर जातो, मग एकच फेरा सापडतो नि पट्टे ठळक होतात. पट्टीकडून: वारंवारता वाढवा.

आणि हे फक्त कॅमेऱ्यापुरतं नाही. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेची लुकलुकणाऱ्या एलईडीबद्दल १७८९ ही शिफारस आहे, २०१५ ची. पूर्ण चालू-पूर्ण बंद अशा प्रकाशाला १२५० हर्ट्झच्या वर धोका कमी, ३००० च्या वर परिणाम जाणवू नये, असा तिचा हिशेब निघतो. २४४ हर्ट्झ तर मी माझ्या डोळ्यांपुढे ठेवणार नाही. नजर झर्रकन फिरवली की ठिपक्यांची माळ दिसते. टायमरभाऊ, ३९०६ वाला पर्याय घ्यायला सांगा.

टायमर_शून्य | गुरुवार, सकाळी ११:०५
ताई, ३९०६ ला १२ बिटच उरतात. वाटणारा १ टक्का प्रकाश म्हणजे खरा ०.११ टक्का. ४०९५ पैकी साडेचार. पुन्हा तळाशी चार-पाचच पायऱ्या. चाळकरींची तक्रार तळाचीच आहे.

जुना_सोल्डर | गुरुवार, दुपारी १२:४०
तुम्ही दोघं कागदावर भांडताय. मॉस्फेटला विचारा.

गेट म्हणजे एक कपॅसिटर. आयआरएलझेड४४एनचा एकूण गेट चार्ज डेटाशीटमध्ये कमाल ४८ नॅनोकूलॉम. २२० ओहममधून ५ व्होल्टने तो भरायला दहा-अकरा मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे सुमारे ४ मायक्रोसेकंद. टायमरचा एक ठोका ६२.५ नॅनोसेकंद. तळाच्या पन्नास-साठ ठोक्यांची पल्स मॉस्फेटपर्यंत धड पोचतच नाही, गेट भरायच्या आत रिकामं व्हायला लागतं. १४ बिटांत वाटणारा १ टक्का प्रकाश म्हणजे १८ ठोके. गेला! तो आकडा लिहिताय, पण पट्टी पेटत नाही, किंवा पेटली तरी सूत्रात आहे तेवढी नाही.

२४४ हर्ट्झवर तोच १ टक्का ७२-७३ ठोक्यांचा होतो, साडेचार मायक्रोसेकंद. जेमतेम का होईना, पोचतो. जेवढी वारंवारता वाढवाल तेवढी तळाची पल्स बारीक आणि तेवढं गेट आडवं येणार.

रेझिस्टर कमी करा म्हणाल तर पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, १२५ ओहमच्या खाली उतरणं म्हणजे चिपशी खेळ. मी १५० लावीन. थोडा फरक पडतो, चमत्कार नाही.

मुलुंडकरीण | गुरुवार, दुपारी १:१५
काका, मग गेट ड्रायव्हर लावायचा. टीसी४४२७ सारखी चिप दीड अँपिअर देते, गेट शंभर नॅनोसेकंदांच्या आत भरतं. मग वारंवारताही राहते आणि तळही.

जुना_सोल्डर | गुरुवार, दुपारी १:५८
हे मात्र पटलं. आणि त्यात एक गंमत आहे: ती चिप १२ व्होल्टवर चालते, म्हणजे गेटला १२ मिळतात. मग नवा मॉस्फेट आणायलाच नको, आहे तो आयआरएफझेड४४एन पूर्ण उघडेल. चाळकरी, ४४२७ च घे, ४४२६ चालू-बंद उलटं करते. सप्लाय पायाजवळ १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, आणि १० के आता चिपच्या इनपुटला. न वापरलेलं दुसरं इनपुट ग्राउंडला बांध, लटकत ठेवू नकोस.

चष्मिष्ट | गुरुवार, दुपारी ३:३०
डोळ्यांच्या बाजूने थोडं. ते सीआयई सूत्र उजेडाला सरावलेल्या डोळ्यासाठी आहे, समोर पांढऱ्याचा संदर्भ धरून. तुमच्याकडे आरती संपल्यावर खोलीतले बाकी दिवे मालवणार, हो ना? दहा मिनिटांत डोळा अंधाराला बराच सरावतो, पुरता सरावायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. म्हणजे शेवटी जो १ टक्का आहे तो तेव्हा १ टक्का वाटणार नाही, त्याहून बराच जास्त वाटेल. सूत्र पाळलंत तरी शेवटचं टोक घाईचंच भासेल. तळाला जास्त वेळ द्या: पहिली सात मिनिटं १०० ते १०, उरलेली तीन १० ते ०, असं काहीतरी. हे कागदावर ठरत नाही, खोलीत बसून बघावं लागतं.

पाचवा_बँड | गुरुवार, संध्याकाळी ५:१०
हा सर्वांत मोलाचा प्रतिसाद. आणि समई तेवत असेल तर शेवटचा टप्पा तिच्यापुढे हरवतोच. पट्टी शून्यावर न्यायच्या आधीच समईचा उजेड वरचढ होतो, तिथे बंद केलीत तरी गचका कळणार नाही. काम तेवढं सोपं झालं.

भोचक | गुरुवार, संध्याकाळी ५:४४
मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की रिमोटवाला डिमर घ्या. आता डोळ्यांचे शास्त्रज्ञ आलेत. वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

ऐरोलीचा_आप्पा | गुरुवार, संध्याकाळी ६:२०
मी नाचणारी पट्टी घेतली आहे, डब्ल्यूएस२८१२बी. तिच्या ५ व्होल्टच्या वाटेत हाच मॉस्फेट टाकून मंद करता येईल का? आणि बाल्कनीत २३० व्होल्टची जाड रोप लाइट आहे, तीही.

टायमर_शून्य | गुरुवार, संध्याकाळी ६:५२
नाचणारीला नाही. तिच्या प्रत्येक एलईडीत स्वतःची चिप आहे, पीडब्ल्यूएम आतच होतं. सप्लाय तोडलात की चिप दर वेळी रीसेट. डेटा वायरवरूनच कमी आकडे पाठवा. तिथेही ८ बिटच, त्यामुळे तळाचं रडगाणं तेच.

जुना_सोल्डर | गुरुवार, संध्याकाळी ७:०५
आणि २३० व्होल्टवालीला हात लावायचा नाही. या धाग्यातलं काहीही तिला लागू नाही. मखरात तर ती नकोच: अभिषेकाचं पाणी, ओल्या दूर्वा, हार, आणि शेजारी लहान मुलं. चाळकरी, तुझा १२ व्होल्टचा अडॅप्टरही मखराच्या आत ठेवू नकोस, आणि पट्टीच्या वाटेत ३ अँपिअरचा फ्यूज घाल. २४ वॉट पुठ्ठ्यावर चिकटलेले आहेत, अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनलवर बसवलेस तर उत्तम.

चाळकरी | शुक्रवार, रात्री १२:२०
सगळं आणलं, सगळं जोडलं. आधी गोड बातमी: ड्रेन-सोर्स ४० मिलिव्होल्टच्या खाली, मॉस्फेट थंडगार. ड्रायव्हर लावल्यावर १४ बिटांतला १८ हा आकडासुद्धा अंधारात दिसतो. पंख्याखाली बसलेल्या आजीने दहाही मिनिटं पाहिलं आणि मधेच "चालू केलंस का?" विचारलं. तेवढी पावती पुरे.

आता कडू. मखरात एक मूषक आहे, सर्व्होवर (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरवर) मान हलवतो, हे सांगायचं राहिलं कारण संबंध येईल असं वाटलं नव्हतं. टायमर एक बदलल्यापासून मूषकाची मान एका बाजूला ताठ. सर्व्हो सुरू केला तर पट्टी अडते.

टायमर_शून्य | शुक्रवार, सकाळी ८:००
हाहाहा. उनोवर सर्व्हो लायब्ररी टायमर एकच वापरते. ९ आणि १० वरचं पीडब्ल्यूएम तिच्यापुढे चालत नाही, मग सर्व्हो कुठल्याही पिनवर असो. एकाच टायमरचे दोन मालक झालेत.

वाटा अशा. पट्टी टायमर दोनवर परत न्यायची आणि ८ बिटांमधल्या फटी डिदरिंगने भरायच्या: प्रीस्केलर ८ करून वारंवारता ३९०० च्या घरात न्यायची, दर फेऱ्याला इंटरप्टमध्ये (टायमरने आपोआप चालवलेल्या छोट्या कोडमध्ये) उरलेला अपूर्णांक साठवायचा, आणि तो एकावर गेला की त्या फेऱ्यापुरता एक आकडा जास्त लिहायचा. १६ फेऱ्यांत चक्र पूर्ण होतं, म्हणजे सेकंदाला २४५ वेळा, डोळ्याला कळत नाही. जमतं. पण चतुर्थीला किती दिवस आहेत त्यावर ठरवा.

नवखा_अकरावी | शुक्रवार, सकाळी ८:२५
उनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड घेतला तर?

पाचवा_बँड | शुक्रवार, सकाळी ९:४०
तर हा धागा निम्माच झाला असता. त्यातलं एलईडीसी (पीडब्ल्यूएमचं हार्डवेअर) ८० मेगाहर्ट्झवर चालतं: १६ बिटांना १२२० हर्ट्झ, १४ बिटांना ४८८२. मुलुंडकरीणताईंचा १२५० चा उंबरठा जवळपास १६ बिटांतच गाठता येतो. सर्व्होलाही वेगळा चॅनल देता येतो. दोन गोष्टी ध्यानात ठेव: पिनवर ३.३ व्होल्टच येतात, त्यामुळे मॉस्फेट थेट जोडण्यापेक्षा ४४२७ हवीच (तिला इनपुटला २.४ पुरतात). आणि त्यात हार्डवेअरचं तयार फेड आहे म्हणून हुरळून जाऊ नकोस, ते सरळ रेषेत उतरतं. घनाचं सूत्र तिथेही आपणच घालायचं. जुने धडे बघून लिहिणार असशील तर आर्डुइनोच्या ईएसपी३२ कोअर ३.० पासून फंक्शनची नावं बदलली आहेत, एलईडीसीसेटअप शोधत बसू नकोस, आता एलईडीसीअटॅच.

जुना_सोल्डर | शुक्रवार, सकाळी १०:१०
नवीन बोर्ड, नवीन कोड, आणि पाहुणे दारात. नको. ड्रॉवरमध्ये एखादा आर्डुइनो नॅनो (उनोचा धाकटा भाऊ) पडला असेल तर मूषकाला तो दे, दोघांचा एकमेकांशी संबंधच तोड. सर्व्होला वेगळे ५ व्होल्ट, ग्राउंड सामाईक.

चाळकरी | शुक्रवार, रात्री १०:४५
काकांचं ऐकलं. नॅनो होताच, मूषक स्वतंत्र झाला. पट्टीचे आकडे, पुढे कुणाला लागले तर: मर्यादा १६३८३, ९७६ हर्ट्झ. वाटणारा ७५ म्हणजे ७९०९, ५० म्हणजे ३०१८, २५ ला ७२३, १० ला १८४, ५ ला ९१, १ ला १८. चष्मिष्ट यांच्या सल्ल्याने १० च्या खालच्या भागाला तीनऐवजी चार मिनिटं दिली, आणि १८ ला पोचलं की टायमरचा पिनशी संबंध तोडून बंद. समई पेटलेली असताना शेवट कुणालाच पकडता आला नाही, मला धरून.

व्हिडिओत ऑटोवर पट्टे अजून येतात. बहिणीला १/५० शिकवलंय.

मुलुंडकरीण | शुक्रवार, रात्री ११:०२
१/५० बरोबर आयएसओही खाली आणायला सांगा, नाहीतर मूर्तीचा चेहरा पांढराफटक येईल.

ऐरोलीचा_आप्पा | शनिवार, सकाळी ७:३०
रोप लाइट काढून ठेवली. १२ व्होल्टची ५०५० पट्टी बाल्कनीत लावतोय, ५ मीटर. हाच मॉस्फेट आणि ३ अँपिअरचा फ्यूज चालेल ना?

जुना_सोल्डर | शनिवार, सकाळी ८:१२
मॉस्फेट चालेल, फ्यूज नाही. ६० एलईडीवाली ५०५० मीटरला १४.४ वॉट घेते, ५ मीटरला ७२, म्हणजे ६ अँपिअर. अडॅप्टर ८ चा घ्या, फ्यूज साडेसातचा, वायर जाड, आणि पट्टीला दोन्ही टोकांनी सप्लाय द्या, नाहीतर लांबचं टोक पिवळट दिसेल. बाल्कनीत पावसाची झड येत असेल तर सिलिकॉन कोटिंगवाली मागा.